शंभरपर्यंत येतं, पण पाच चमचे आणता येत नाहीत

लहान मुलांच्या गणिताबद्दल काही विचारायचं असेल तर लिहा असं मागच्या अंकात म्हटलं होतं, तर इतकी पत्रं आणि मेसेज आले की सगळ्यांना उत्तर देणं शक्यच नाही, म्हणून सारखे प्रश्न एकत्र करून त्यातले पाच घेतलेत. बालवाडीत खूप वर्षं मुलांबरोबर जमिनीवर बसून चिंचोके मोजलेत, त्यामुळे बोलायला लागले की थांबत नाही, पहिलं उत्तर जरा लांबलंय, सांभाळून घ्या.

प्रश्न : ताई, माझी मुलगी ४ वर्षांची आहे, ज्युनियर केजीत. १ ते १०० धडाधड म्हणते, पाहुणे आले की म्हणून दाखवते. परवा सहज म्हटलं पाच चमचे आण गं, तर मूठभर घेऊन आली. मोज म्हटलं तर भरभर बोट फिरवत सातपर्यंत म्हणाली आणि थांबली, चमचे अकरा होते! मला एकदम टेन्शनच आलं. हिला गणित जड जाणार का?
– एक आई, डोंबिवली

उत्तर : अहो, काहीही जड जाणार नाही, ४ वर्षांच्या मुलीचं हे अगदी वयाप्रमाणे चाललंय. तिला शंभरपर्यंत जे येतं ना, ती तिच्यासाठी एक लांबलचक कविता आहे, शुभंकरोती पाठ होते तशी. वाईट काही नाही त्यात, उलट कामाचीच आहे, पण कविता म्हणणं वेगळं आणि मोजणं वेगळं. मोजताना त्या एवढ्याशा जीवाला किती गोष्टी एकदम सांभाळाव्या लागतात बघा, प्रत्येक चमच्याला एकदाच हात लावायचा, एकही सोडायचा नाही, एका चमच्याला एकच नाव द्यायचं, नावं ठरलेल्या क्रमानेच घ्यायची आणि सगळ्यात अवघड म्हणजे शेवटी जे "पाच" आलं ते त्या शेवटच्या चमच्याचं नाव नाही तर सगळ्या चमच्यांचं मिळून आहे हे कळायचं. गेलमन आणि गॅलिस्टेल या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये हे सगळं नीट मांडून दाखवलं, त्यात आणखी दोन गोष्टी होत्या, की काहीही मोजता येतं, अगदी टाळ्या आणि उड्यासुद्धा, आणि डावीकडून मोजा नाहीतर मधूनच सुरू करा, उत्तर तेच येतं. आपल्याला हे इतकं सवयीचं झालंय की यात शिकण्यासारखं काही आहे हेच विसरायला होतं.

आणि "पाच आण" हे तर "पाच मोज" यापेक्षाही अवघड, कारण कुठे थांबायचं ते डोक्यात धरून ठेवावं लागतं. कॅरन विन नावाच्या संशोधिकेने नेमकं हेच करून पाहिलं होतं, मुलांना इतक्या वस्तू दे, तितक्या दे असं सांगून. तेव्हा दिसलं की मूल आधी फक्त "एक"चा अर्थ शिकतं, बाकी काहीही मागितलं की मूठ भरून देतं, मग काही महिन्यांनी "दोन" पक्के होतात, मग "तीन", आणि त्यानंतर कधीतरी डोक्यात दिवा लागतो की अरे, मोजत गेलं की कुठलीही संख्या काढता येते. तुमची मुलगी याच वाटेवर आहे, फक्त कुठल्या टप्प्यावर ते बघा. उद्या दोन चमचे मागा, मग तीन. जिथे मूठ भरून येते त्याच्या एक पायरी अलीकडून खेळायला सुरुवात करायची.

आता खेळ काय, तर वेगळं काही आणायचंच नाही. जेवायला पानं घेताना तिला सोबत घ्या, प्रत्येक ताटाजवळ एक वाटी, प्रत्येक वाटीत एक चमचा. यात आकडा उच्चारायचीसुद्धा गरज नाही, एकाला एक ही जोडी लागली की मोजण्याचा पाया पडला. बाबांचा चमचा कमी पडला तर आपण उठून आणायचा नाही, "अगं, बाबांना नाही मिळाला" एवढंच म्हणायचं, ती स्वतः जाऊन आणेल आणि ते जे जाऊन आणणं आहे ना तेच गणित आहे. इडलीपात्राच्या एका ताटलीत चार खळगे असतात, पीठ तुम्ही घाला आणि वाफवलेल्या इडल्या एकेक काढताना रिकामे खळगे किती आणि भरलेले किती ते तिला सांगू दे. अप्पेपात्र असेल, मधे एक आणि भोवती सहा असं, तर फारच छान, न मोजता नुसतं बघून "सात" म्हणायला मुलं त्यावर लवकर शिकतात. दारातल्या चपला जोडीने लावणं, धुतलेले मोजे जुळवणं, मटार सोलताना कुठल्या शेंगेत जास्त दाणे निघाले ते बघणं, यादी न संपणारी आहे.

दोन गोष्टी मात्र कटाक्षाने करा. मोजताना वस्तू नुसती बोटाने दाखवू देऊ नका, उचलून दुसरीकडे ठेवायला सांगा, या वाटीतून त्या वाटीत, म्हणजे मोजलेलं कुठलं आणि राहिलेलं कुठलं ते डोळ्यांना दिसतं, तुमच्या मुलीचे अकराचे सात तिथेच झाले होते, बोट पुढे गेलं आणि तोंड मागे राहिलं. आणि मोजून झालं की लगेच विचारा, "म्हणजे किती?" सुरुवातीला बरीच मुलं पुन्हा एकपासून मोजायला लागतात, कारण त्यांच्या मते किती या प्रश्नाचं उत्तर म्हणजे मोजणं. रागावू नका, तुम्हीच म्हणा, एक, दोन, तीन, आणि वाटीभोवती हात फिरवून, "सगळे मिळून तीन". असं शंभरदा म्हणावं लागेल, म्हणा. आणि हो, पाहुण्यांसमोर शंभरपर्यंत म्हणायला लावण्यापेक्षा पाहुण्यांना मोजून बिस्किटं द्यायला सांगा.

प्रश्न : माझा मुलगा ५ वर्षांचा. सापशिडी आणली पण खेळच होत नाही. फाशावर चार पडले की तो जिथे उभा आहे तेच घर "एक" म्हणून मोजतो, दुसऱ्या ओळीत गेला की उलटाच चालायला लागतो, मग रडारड. अजून लहान आहे का तो?
– एक बाबा, पुणे

उत्तर : दादा, मुलगा लहान नाही, पट मोठा आहे. सापशिडीच्या शंभर घरांत पहिली ओळ डावीकडून उजवीकडे जाते, दुसरी उजवीकडून डावीकडे, असं नागमोडी, पाच वर्षांच्या मुलाने तिथे उलटं चालणं अगदी साहजिक आहे. तो पट वर्षभर कपाटात ठेवा आणि एका जुन्या खोक्याच्या पुठ्ठ्याची लांब पट्टी कापा, त्यावर एका रांगेत दहा घरं आखा, १ ते १०, डावीकडून उजवीकडे. बस, एवढाच खेळ.

हे मी मनाने सांगत नाहीये. अमेरिकेत रॉबर्ट सिगलर आणि गीता रमाणी यांनी २००८ मध्ये गरीब घरांतल्या ४-५ वर्षांच्या मुलांबरोबर बरोब्बर असाच दहा घरांचा खेळ खेळून पाहिला. फासा नव्हता, एक फिरकी होती आणि तिच्यावर फक्त १ आणि २. पंधरा-पंधरा मिनिटं, दोन आठवड्यांत मिळून चारदा, बस इतकंच, आणि तेवढ्यात कुठली संख्या मोठी, कुठली छोटी, कुठली दहाच्या जवळ याची समज वाढलेली दिसली. ज्या मुलांच्या पट्टीवर आकड्यांऐवजी नुसते रंग होते त्यांच्यात असा फरक दिसला नाही. पुढे त्यांनी गोल पट करून बघितला तर त्याचाही तसा उपयोग झाला नाही, सरळ रेषाच कामी आली, कारण पुढे जावं तसं अंतरही वाढतं, वेळही जास्त लागतो, आकडाही मोठा होतो, हे सगळं हाताला एकदम जाणवतं.

खेळताना एक बारीकशी गोष्ट आहे पण सगळं तिच्यावर आहे. सोंगटी ५ वर आहे आणि २ पडले, तर "एक, दोन" म्हणत सरकवायची नाही, घरावर लिहिलेले आकडे म्हणायचे, "सहा, सात". ज्या घरात उभा आहे तेच मोजण्याची त्याची जी सवय आहे ती यानेच जाईल, कारण उभ्या घराचं नाव पाच आहे, मग पुढचं सहाच असणार. फाशाऐवजी सुरुवातीला दोन कवड्या घ्या, उताण्या किती पडल्या ते बघायचं, दोन्ही पालथ्या पडल्या तर शून्य, जागेवर थांबायचं, शून्य म्हणजे काय हे इतकं छान दुसऱ्या कशाने कळत नाही. कवड्या नसतील तर चिंचोके दगडावर घासून एका बाजूने पांढरे करा, आपल्याकडे पूर्वी पटावरच्या खेळांत असे चिंचोके वापरायचेच की. दहाची पट्टी सहज जमायला लागली की वीसची करा. आणि हरल्यावर रडला तर रडू दे थोडा वेळ, हरणं हे त्याच्यासाठी खरंच दुःख आहे.

प्रश्न : नातू पहिलीत आहे, मराठी शाळेत. तेवीस लिही म्हटलं की ३२ लिहितो. एकोणतीसला तर अडूनच बसतो. आमच्या वेळी पावकी, निमकी, दीडकी, म्हणजे पाव, अर्धा, दीडचे पाढे तोंडपाठ असायचे. मी रोज उजळणी घेतो तरी हे असं. पावकीपासून सुरू करू का?
– एक आजोबा, वाळवा तालुका

उत्तर : आजोबा, तुम्ही रोज त्याच्याजवळ बसता हेच त्याचं नशीब आहे, पण नातवाची चूक नीट ऐकाल तर ती चूक नाहीच, तो तुम्ही म्हणता तेच लिहितोय. "तेवीस" मध्ये आधी "ते" ऐकू येतं, म्हणजे तीन, मग वीस, मग त्याने आधी ३ लिहिला यात त्याचं काय चुकलं? आपली भाषा एकक आधी बोलते आणि आकडा दशक आधी लिहितो. जर्मन मुलांनाही हाच त्रास होतो, तिथेही "तीन आणि वीस" असंच म्हणतात. आणि एकोणतीस तर आणखी कठीण, नावात तीस आहे, लिहायचे मात्र २ आणि ९. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस असं एकोणनव्वदपर्यंत "एक कमी"चा हिशोब चालतो आणि नव्याण्णवला तोही नियम मोडतो. सहा वर्षांच्या पोराने गोंधळायचं नाही तर काय करायचं!

तुम्हाला आठवत असेल, २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात "वीस एक, वीस दोन, वीस तीन" असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. मंगला नारळीकर तेव्हा बालभारतीच्या गणित समितीच्या प्रमुख होत्या, त्यांनी परोपरीने समजावलं की जुनी नावं काढलेली नाहीत, दोन्ही शिकवायची आहेत, पण चर्चा भाषेच्या अस्मितेवर गेली आणि मुलांची अडचण बाजूला राहिली, याचं मला आजही वाईट वाटतं. घरी तुम्ही दोन्ही म्हणा. "वीस आणि तीन, म्हणजे तेवीस."

आणि हातात काहीतरी द्या. खराट्याच्या काड्या एका मापाच्या तोडून घ्या, धुऊन वाळवून, टोकं घासून. दहा मोजायच्या आणि रबरबँड लावायचा, जुडी त्यानेच बांधायची, तुम्ही बांधून दिलीत तर निम्मी मजा गेली. तेवीस म्हणजे दोन जुड्या आणि तीन सुट्ट्या. बत्तीस म्हणजे तीन जुड्या आणि दोन सुट्ट्या. दोन्ही ढीग शेजारी ठेवा, काही समजवायला लागत नाही, त्याचे डोळेच मोठे होतात. एकोणतीसला दोन जुड्या आणि नऊ सुट्ट्या ठेवून विचारा, "आणखी एक जुडी बांधायला किती कमी आहेत?" एक! म्हणून एक उणे तीस, एकोणतीस. मग ते नाव त्याचा शत्रू राहत नाही. पुढे कार्ड करा, एकावर २० लिहा, दुसऱ्या अर्ध्या मापाच्या कार्डावर ३, आणि ते ३ शून्यावर ठेवलं की २३ होतात, उचललं की खाली वीस लपलेलेच असतात.

पावकीचं म्हणाल तर पाठ आत्ता नको, पण पाव आणि निम्मं हाताने आत्ताच करता येईल. तुमच्या घरी माळ्यावर जुनी धान्याची मापं असतील तर खाली काढा. दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेर म्हणजे पायली. ज्वारी घेऊन त्याला अंगणात ओतू दे, चिपट्याने शेर भरू दे, चार वेळा ओतावं लागलं की चिपटं म्हणजे पावशेर हे त्याला कोणी सांगायलाच नको. ज्वारी सांडेल, आजींना आधीच सांगून ठेवा. पावकी त्याने तिसरी-चौथीत म्हटली तरी तेव्हा त्या शब्दांमागे त्याला माप दिसेल.

प्रश्न : नातीला (वय ५) एक बिस्किट दिलं, तिच्या बहिणीला दोन. हिने भांडण काढलं, तर हिच्याच बिस्किटाचे मोडून दोन तुकडे केले, लगेच खूश! फसवल्यासारखं वाटलं मला.
– एक आजी, रत्नागिरी

उत्तर : आजी, मनाला लावून घेऊ नका, तिच्या नजरेने ते खरंच जास्त झालं होतं. स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी हेच दाखवलं होतं, मुलासमोर दोन ओळींत सारख्याच वस्तू ठेवायच्या, मग एका ओळीतल्या जरा लांब लांब पसरायच्या, तर ४-५ वर्षांचं मूल म्हणतं लांब ओळीत जास्त आहेत. साधारण सहा-सात वर्षांपर्यंत हे आपोआप बसतं. वाद घालून पटवू नका. आंघोळीच्या वेळी एक उंच पेला आणि एक पसरट वाडगा द्या, तेच पाणी इकडून तिकडे ओतत बसू दे, "आता कशात जास्त?" एवढं विचारा आणि जे म्हणेल ते ऐकून घ्या. बिस्किटाचे दोन तुकडे पुन्हा जोडून "आता?" असंही विचारून बघा एकदा.

प्रश्न : ताई, मी अंगणवाडी सेविका आहे. पाड्यावरची तीन ते सहा वयाची २५-२६ मुलं येतात. साहित्य थोडंच आहे आणि जे आहे ते हरवेल म्हणून काढायची भीती वाटते. वेगवेगळ्या वयाच्या मुलांना एकदम गणिताचं काय देऊ?
– एक सेविका, जव्हार तालुका

उत्तर : ताई, तुम्ही जव्हारहून लिहिलंत म्हणून मुद्दाम सांगते, तुमच्याच भागात हे अंगणवाडीचं काम पहिल्यांदा उभं राहिलं. शिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्यासोबत आल्या, पुढे सगळं काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. इटलीच्या शिक्षणतज्ज्ञ मारिया मॉन्टेसरींचं महागडं साहित्य पाड्यावर परवडणार नव्हतं, तर त्यांनी पानं, बिया, खडे, शंख-शिंपले, माती यातूनच साधनं केली. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यायची, तिथूनच अंगणवाडी हा शब्द आला, सरकारी योजना तर त्यानंतर १९७५ साली आली. तेव्हा साहित्य नाही म्हणून हात आखडू नका, तुमच्या दारात साग आहे, पळस आहे, करंज आहे.

सकाळी येताना प्रत्येक मुलाने वाटेत पाच पानं वेचून आणायची. तीन वर्षांच्यांनी फक्त सारखी सारखी पानं एकत्र करायची, मोठी इकडे, छोटी तिकडे. चार वर्षांच्यांनी लहानापासून मोठ्यापर्यंत रांग लावायची. पाच-सहा वर्षांच्यांनी कुठल्या ढिगात जास्त, किती जास्त ते जोड्या लावून सांगायचं. साहित्य एकच, काम तीन, आणि मोठी मुलं लहानांना दाखवतात ते वेगळंच. तुमच्याकडे लग्नात भिंतीवर चौक (लग्नाचं चित्र) लिहितात, त्याच्या कडेची नक्षी मुलांनी पाहिलेली असते, तशीच खड्यांनी जमिनीवर मांडायला द्या, एक काळा दोन पांढरे, एक काळा दोन पांढरे, पुढे काय येईल? नक्षी पुढे नेता येणं हेही गणितच आहे. अंगणात चुन्याने दहा चौकोन आखा आणि उड्या मारत मोजू द्या. खिचडी वाढताना ताटल्या मुलांनाच मोजून वाटू द्या, रोजचा मोजण्याचा तास तिथेच झाला.

फक्त एक, बारीक खडे, करंजाच्या बिया, चिंचोके हे लहान मुलांच्या हातात तुमच्या नजरेसमोरच द्या, तीन वर्षांची मुलं नाकात, कानात, तोंडात घालतात आणि घशात अडकलं तर फार वाईट. त्यांना लिंबाएवढे दगड किंवा बाटलीची मोठी झाकणं द्या. आणि गुंजेच्या बिया अजिबात नकोत, दिसायला लालचुटुक असल्या तरी विषारी असतात. हरवण्याचं म्हणाल तर हरवू द्या, पानं उद्या परत मिळतील.